उद्यानातील अनोळखी पाहुणे
नामफलक नसलेल्या विदेशी वृक्षांची ओळख कशी पटवावी

आपल्या राज्यातील लहानमोठ्या शहरांतील सार्वजनिक उद्याने ही केवळ विसाव्याची ठिकाणे नाहीत. एकोणिसाव्या शतकापासून देशोदेशींचे वृक्ष या उद्यानांत आणून वाढविण्यात आले. मुंबईत भायखळा येथे १८६२ साली खुली झालेली राणीची बाग, म्हणजेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि पुण्याचे एम्प्रेस उद्यान ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. आफ्रिका, मादागास्कर, ब्रह्मदेश, दक्षिण अमेरिका अशा दूरदूरच्या अरण्यांतील वृक्ष येथे शेजारीशेजारी उभे आहेत. पुढे या उद्यानांतून व रोपवाटिकांतून ते जिल्ह्याच्या गावी, सरकारी विश्रामगृहांच्या आवारात, शाळांच्या अंगणात आणि रस्त्यांच्या दुतर्फा पोहोचले.

परंतु यांतील पुष्कळ वृक्षांवर आज नाव नाही. कोठे पत्र्याची पाटी गंजून पडली, कोठे वाढत्या खोडाने ती गिळून टाकली, तर कोठे एका झाडाची पाटी दुसऱ्यावर लागली. मुलांनी विचारले की शिक्षक थबकतात, आणि उद्यानातील माळी त्याला ऐकून माहीत असलेले नाव सांगतो. ते नाव बरोबर असेलच असे नाही.

नाव कळून काय होणार?

नाव ही केवळ हौसेची बाब नव्हे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये नागरी क्षेत्रांतील झाडांची गणना करणे हे वृक्ष प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमावयाच्या असून, लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्यांचे महत्त्वाचे काम आहे. ग्रामपंचायतीही त्यात येतात. या नोंदवह्यांत एकदा चुकीचे नाव शिरले की ते तेथून अहवालात, अहवालातून रोपांच्या मागणीत आणि मागणीतून जमिनीत उतरते. करंजाची रोपे म्हणून गिरिपुष्प लावले गेले, तर वीस वर्षांनी उभे राहणारे झाड वेगळेच असते.

दुसरी बाब आरोग्याची आहे. नावाच्या साधर्म्यावरून एका झाडाची साल वा फूल दुसऱ्याच्या जागी औषधात वापरले जाते. काही शोभेच्या झाडांच्या बिया विषारी असतात. त्यांची ओळख पटलेली असेल, तर शाळेच्या आवारातील धोका आधीच टळू शकतो.

तिसरी बाब देखभालीची. कीड आणि रोग झाडाची जात पाहून येतात. मुंबईतील पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला आणि अनेक जुने वृक्ष वाळले, तेव्हा शेजारच्या अन्य जातींची झाडे हिरवी राहिली. कोणत्या आवारात पर्जन्यवृक्ष किती आहेत, हे ज्या नोंदवहीत नीट लिहिलेले असेल, तेथेच अशा वेळी वेळेवर पाहणी होऊ शकते.

निरीक्षणाचा क्रम

अनोळखी वृक्षासमोर उभे राहिल्यावर आपली दृष्टी प्रथम फुलाकडे जाते. फूल ही खरोखरच सर्वांत विश्वसनीय खूण आहे. परंतु ते वर्षातून काही आठवडेच दिसते. म्हणून इतर खुणा क्रमाने पाहण्याची सवय लावून घ्यावी.

प्रथम दुरून वृक्षाचा एकूण आकार पाहावा. तो छत्रीसारखा पसरतो की सरळ उंच जातो, फांद्या आडव्या निघतात की वर चढतात, हे टिपून घ्यावे. नंतर खोड पाहावे. साल गुळगुळीत, भेगाळलेली, काटेरी की पापुद्रे सुटणारी आहे? त्यानंतर पानाकडे वळावे.

पान पाहताना सर्वांत मोठा घोटाळा होतो तो पान कोणते आणि दल कोणते, याविषयी. कडुनिंबाच्या एका काडीवरील प्रत्येक हिरवी पाती हे पान नव्हे. ती संपूर्ण काडी मिळून एक संयुक्त पान होते आणि पाती ही त्याची दले होत. हे ओळखण्याचा सोपा मार्ग असा : पानाच्या देठाच्या बेचक्यात, म्हणजे देठ जेथे फांदीला जुळतो तेथे, एक लहानशी कळी असते. दलाच्या बुडाशी अशी कळी कधीही नसते. ही एक खूण नीट समजली की निम्मे काम झाले.

पुढे पानांची मांडणी पाहावी. ती फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक? संयुक्त पान पिसासारखे एकदाच विभागलेले आहे, दोनदा विभागलेले आहे, की हाताच्या बोटांप्रमाणे एकाच बिंदूतून पसरलेले आहे? गळालेले पान मोडले असता पांढरा चीक येतो काय? शेवटी झाडाखालची जमीन पाहावी. वाळलेल्या शेंगा, फुटलेली बोंडे, पंख असलेल्या बिया हा पाचोळा म्हणजे वृक्षाने आपल्या हाताने लिहिलेली पाटीच होय.

तीन मोहर आणि त्यांतील फरक

या पद्धतीचा उपयोग पाहण्यासाठी सर्वपरिचित उदाहरण घेऊ. गुलमोहर, सोनमोहर आणि नीलमोहर हे तिन्ही वृक्ष आपल्या रस्त्यांवर आहेत आणि तिघांची पाने दोनदा विभागलेली, बारीक दलांची, नाजूक अशी असतात. फुलोरा असता तांबडा, पिवळा आणि जांभळट निळा या रंगांवरून ते लगेच कळतात. पण श्रावणात, फुले नसताना?

गुलमोहर, शास्त्रीय नाव डेलोनिक्स रेजिया, हा मूळचा मादागास्कर बेटावरील शुष्क पानझडी वनांतला. त्याची पाने एकाआड एक असतात आणि देठाच्या बुडाशी पिसासारखी बारीक उपपर्णे दिसतात. हातभर लांब, चपट्या, काळपट, लाकडासारख्या कठीण शेंगा झाडावर दीर्घकाळ लोंबत राहतात.

सोनमोहर, म्हणजे पेल्टोफोरम टेरोकार्पम, हा आग्नेय आशियाकडील वृक्ष. त्याचेही पान एकाआड एकच. परंतु कोवळे शेंडे व कळ्या गंजासारख्या तपकिरी लवेने मढलेल्या असतात. शेंगा बोटाएवढ्या, पातळ, तांब्याच्या रंगाच्या असून झाडाला झुपक्यांनी लागतात.

नीलमोहर, म्हणजे जॅकरांडा, दक्षिण अमेरिकेतला. त्याची पाने मात्र समोरासमोर येतात. इतर दोघांपासून त्याला वेगळे करण्यास एवढी एक खूण पुरे. शिवाय त्याचे फळ लांब शेंग नसून रुपयाच्या मोठ्या नाण्यासारखे गोल, चपटे व कठीण असते. ते दोन शकलांत उकलते आणि आतून पातळ पंख असलेल्या बिया उडतात. पहिले दोन वृक्ष शिंबावंत कुळातील, तर तिसरा टेटूच्या कुळातील. रूप सारखे असले तरी नाते वेगळे, हा धडा विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष दाखविता येतो.

आफ्रिकेचे तीन प्रतिनिधी

जुन्या उद्यानांत एखादा अवाढव्य, पिंपासारख्या खोडाचा वृक्ष दिसतो. तो गोरखचिंच होय. मूळ आफ्रिकेतील या वृक्षाचे शास्त्रीय नाव ॲडान्सोनिया डिजिटाटा. मिशेल ॲडान्सन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञावरून ते देण्यात आले. आफ्रिकेच्या कोरड्या माळरानांत पावसाळ्यातील पाणी खोडात साठवून तो दीर्घ उन्हाळा काढतो. त्याच्या फुगीर खोडाचे रहस्य हेच. पाने हाताच्या बोटांप्रमाणे पसरलेली असून वर्षातील बराच काळ झाड निष्पर्ण असते. पांढरी, मोठी, खाली लोंबणारी फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांचे परागीभवन करतात.

लहान वयात गोरखचिंच आणि आपली काटेसावर यांची गल्लत होते, कारण दोघांची पाने हस्ताकृती असतात. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर जाड शंकूसारखे काटे असतात. गोरखचिंचेवर ते नसतात. काटेसावरीच्या बोंडातून कापूस निघतो, तर गोरखचिंचेच्या कठीण फळात आंबट, पिठूळ गर असतो.

दुसरा आफ्रिकी पाहुणा पिचकारी. याचे शास्त्रीय नाव स्पॅथोडिया कॅम्पॅन्युलाटा. कळी दाबली असता तीतून पाण्याची चिळकांडी उडते, म्हणून मुलांनी दिलेले हे नाव. फुले केशरी तांबडी, पेल्यासारखी असून शेंड्याला गुच्छाने येतात. पाने संयुक्त व समोरासमोर, आणि शेंगा होडीसारख्या. त्यांतील बियांभोवती कागदासारखा पारदर्शक पंख असतो.

तिसरा किजेलिया. याची फळे दोरीसारख्या लांब देठावरून भोपळ्याप्रमाणे लोंबत असतात. ती दीड-दोन फूट लांब भरतात आणि त्यांचे वजन काही किलोग्रॅम असते. गडद तांबूस रंगाची फुलेही अशाच दोऱ्यांवर येतात व रात्री उमलतात. हे झाड बाकाच्या वा पायवाटेच्या वर असेल, तर फळे वेळीच उतरविणे इष्ट. येथे ओळख पटविणे ही सुरक्षिततेची बाब ठरते.

कैलासपती आणि नागकेशर

नावांच्या गोंधळाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कैलासपती. अनेक देवळांच्या आवारात हा वृक्ष भक्तिभावाने लावलेला आढळतो. खोडातूनच निघालेल्या वेड्यावाकड्या काटक्यांवर त्याची गुलाबी तांबूस, सुगंधी फुले येतात. फुलातील पुंकेसरांचा पट्टा फण्याप्रमाणे मध्यभागावर वाकलेला असतो. त्यामुळे नागाने छाया धरलेल्या पिंडीचा भास होतो. म्हणूनच त्याला नागलिंग असेही म्हणतात. परंतु हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला असून त्याचे शास्त्रीय नाव कौरूपिटा गियानेन्सिस असे आहे. खोडालगत तोफेच्या गोळ्यासारखी जड, तपकिरी फळे लटकतात आणि ती फुटली की दुर्गंधी सुटते. या फळांखाली मुलांना खेळू देऊ नये.

नावातील 'नाग' या शब्दामुळे पुष्कळ लोक यालाच नागकेशर वा नागचाफा समजतात. खरा नागकेशर, मेसुआ फेरिया, हा आपल्याकडील वृक्ष असून आयुर्वेदात त्याचे पुंकेसर वापरतात. त्याची पाने साधी, अरुंद, समोरासमोर, खालून पांढुरकी. नवी पालवी तांबडी. फुले पांढरी, मध्यभागी पिवळ्या केसरांचा गोंडा असलेली, आणि ती खोडावर न येता डहाळ्यांवर येतात. दोन्ही झाडे एकदा शेजारी पाहिली की गैरसमज कायमचा दूर होतो.

अशीच गत अशोकाची. कार्यालयांपुढे रांगेने लावलेला, उंच सडपातळ, कडा लहरी असलेल्या लांबट साध्या पानांचा वृक्ष म्हणजे खोटा अशोक. तो दूरदेशीचा नसला तरी सीतेचा अशोक नव्हे. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते आणि केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ जून फांद्यांवरही येतात. औषधी साल आहे ती या दुसऱ्याची.

शिरीष की पर्जन्यवृक्ष

रस्त्यावर प्रचंड छत्रीसारखी सावली धरणारा वृक्ष दिसला की त्याला आपण शिरीष म्हणतो. तो बहुधा मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष असतो. त्याच्या पानातील दले टोकाकडे मोठी होत जातात आणि सायंकाळी वा ढगाळ हवेत मिटतात. फुलांचे गोंडे गुलाबी असतात. शेंगा जाड, काळपट, गोडसर गराच्या असून गुरे त्या आवडीने खातात. देशी शिरीषाची फुले हिरवट पांढरी व सुवासिक असतात आणि त्याच्या पातळ, गवती रंगाच्या शेंगा वाऱ्याने खुळखुळतात. जमिनीवर पडलेली एक शेंग उचलली की निर्णय होतो.

पान नसलेली पाने

कोकण किनाऱ्यावरील सुरू पाहून अनेकांना पाइनची आठवण होते. त्याची एक हिरवी 'सुई' घेऊन हलकेच ओढावी; ती पेऱ्यापेऱ्यांवर सुटून येते. म्हणजे ती सुई नव्हे, तर बारीक डहाळी होय. खरी पाने प्रत्येक पेऱ्यावर खवल्यांच्या कड्याच्या रूपाने असतात आणि भिंगातून दिसतात.

१९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाल्यानंतरच्या काळात लोकांच्या परिचयाची झालेली ऑस्ट्रेलियन बाभूळ हेही असेच कोडे आहे. तिचे विळ्यासारखे पान वस्तुतः रुंद झालेला देठ असतो. तिच्या कोवळ्या रोपाला मात्र बाभळीसारखी बारीक दलांची पाने येतात. रोपवाटिकेत बी पेरून हा बदल विद्यार्थ्यांना काही आठवड्यांत दाखविता येतो.

सावधगिरीच्या दोन जाती

शोभेसाठी व कुंपणासाठी लावलेल्या दोन विदेशी झाडांची ओळख प्रत्येक शिक्षकास असली पाहिजे. पहिले बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. अरुंद चकाकणारी पाने, पिवळी घंटेसारखी फुले, पांढरा चीक आणि त्रिकोणी हिरवे फळ ही तिची लक्षणे. तिचे बी हृदयावर घातक परिणाम करते. दुसरे मोगली एरंड. हृदयाच्या आकाराची, उथळ खाचांची पाने आणि सुपारीएवढी, तीन बियांची फळे यांवरून ते ओळखावे. बियांची चव शेंगदाण्यासारखी लागत असल्याने मुले त्या खातात व त्यांना वांत्या-जुलाब होतात. ही दोन्ही झाडे मूळची उष्ण अमेरिकेतली. असा प्रसंग आल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि खाल्लेले फळ वा फांदी सोबत न्यावी. डॉक्टरांना निदान करणे त्यामुळे सोपे जाते. अनोळखी झाडाचे कोणतेही फळ, पान वा चीक चाखून ओळखण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

विदेशी म्हणजे वाईट नव्हे

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विदेशी वृक्ष म्हटला की तो उपटून टाकावा, असा याचा अर्थ नाही. पेरू, सीताफळ, चिकू आणि काजू ही फळझाडेही अमेरिका खंडातून आली आणि आपल्या घरची झाली. राणीच्या बागेतील उर्वशी या वृक्षाचे उदाहरण बोलके आहे. ॲम्हर्स्टिया नोबिलिस हे त्याचे शास्त्रीय नाव. ब्रह्मदेशातील या वृक्षाची कोवळी पाने तांबूस रुमालाप्रमाणे लोंबतात आणि तांबड्या-पिवळ्या फुलांचे झुंबर पाहणारा थक्क होतो. त्याच्या मूळ अरण्यात तो अतिशय क्वचितच आढळला आहे. अशा जातींना उद्यान हाच आसरा ठरतो. मात्र डोंगरउतारावर वा गायरानावर लागवड करताना तेथील देशी जातींना अग्रक्रम द्यावा. हा विवेक करावयाचा तर आधी दोहोंतील फरक ओळखता आला पाहिजे.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक अनोळखी झाडासाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर स्थळ, दिनांक, खोडाचा छातीच्या उंचीवरील घेर, पानाची मांडणी, चीक, फूल व फळ यांची नोंद करावी आणि पानाचे रेखाचित्र काढावे. सार्वजनिक उद्यानात फांदी तोडू नये. खाली पडलेले पान, फूल व शेंग पुरेसे असते. ते वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावे आणि जाड कागदावर चिकटवावे. याच झाडाला वर्षातून निदान चार वेळा, पालवी, बहर, फळ व पानगळ अशा अवस्थांत, भेट द्यावी.

भ्रमणध्वनीवर छायाचित्रावरून नाव सुचविणारी साधने आता उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु त्यांनी दिलेले नाव हा तर्क समजावा, निर्णय नव्हे. सुचविलेल्या जातीचे वर्णन ग्रंथात काढून एकेक खूण ताडून पाहावी. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. शंका उरल्यास जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभाग, पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र किंवा मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह यांचे मार्गदर्शन घ्यावे.

नाव निश्चित झाल्यावरच पाटी लावावी. तीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ आणि मूळ प्रदेश एवढा मजकूर पुरे. स्थानिक नावे गावागणिक बदलतात. शास्त्रीय नाव जगभर एकच समजले जाते. कार्ल लिनियस याने १७५३ साली वनस्पतींसाठी रूढ केलेल्या दोन शब्दांच्या नामपद्धतीचे मोल येथे कळते. पाटी खिळ्याने खोडात ठोकू नये. खिळ्याच्या जखमेतून कीड व बुरशी आत शिरते. झाडाजवळ जमिनीत रोवलेल्या लहान खांबावर ती लावणे हे सर्वांत चांगले.

एका शाळेने आपल्या आवारातील वीस झाडे, एका ग्रामपंचायतीने आपल्या चावडीभोवतीची दहा झाडे आणि एका नगरपरिषदेने आपले एक उद्यान वर्षभरात अशा रीतीने नोंदविले, तर पुढील गणनेच्या वेळी ही वही हाताशी असेल. कामास मोठ्या खर्चाची गरज नाही. एक वही, एक भिंग, मोजमापाची फीत आणि ऋतूंमागून ऋतू त्याच झाडाखाली जाण्याची चिकाटी एवढी सामग्री त्यास पुरेशी आहे.